ज्वाला-तारे

सूर्यापेक्षा बरेच लहान, थंड व तांबूस असलेल्या ज्या ताऱ्यांचे तेज अधूनमधून काही सेकंदांत वा मिनिटांत अनेक पटींनी उसळून पुन्हा ओसरते, त्यांना ज्वाला-तारे म्हणतात. तिमिंगल तारकासमूहातील यूव्ही सेटी हे त्यांचे जुने उदाहरण. त्याची अशी उसळी १९४८ मध्ये टिपली गेली.

सूर्याला सर्वांत जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवरील प्रॉक्झिमा सेंटॉरी, याच वर्गातला आहे. त्याची जागा साताऱ्याहूनही दाखवता येते. नरतुरंग तारकासमूहातील मित्र हा ठळक तारा मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण क्षितिजावर जेमतेम ११ अंश चढतो आणि प्रॉक्झिमा त्याच्याही सुमारे दोन अंश खाली असतो. अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याच्या पेठांतून आकाशाचा हा भाग डोंगराआड जातो (किल्ल्याच्या नावात तारा असूनही), म्हणून दक्षिणेकडे उघडे पठार गाठावे लागते. प्रॉक्झिमासाठी दुर्बीण तर हवीच. मार्च २०१६ मधील एका ज्वालेत त्याचे दृश्य तेज ६८ पट झाले, तर १ मे २०१९ रोजी अतिनील तेज काही सेकंदांत सुमारे १४,००० पट वाढले.

यांतले अनेक तारे पृष्ठापासून गाभ्यापर्यंत उकळत्या आधणासारखे ढवळत असतात. त्या ढवळण्यातून व स्वतःभोवतीच्या फिरण्यातून प्रबळ चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि पीळ पडलेल्या बलरेषा तुटून नव्याने जुळताना साठलेली ऊर्जा मोकळी होते. सूर्यावरही हेच घडते. फरक ग्रहाच्या अंतराचा आहे: मंद ताऱ्याची ऊब मिळायची तर ग्रह ताऱ्याला खेटूनच हवा. प्रॉक्झिमा-बी हा २०१६ मध्ये सापडलेला ग्रह ताऱ्यापासून सुमारे ७५ लाख किलोमीटरवर असून त्याचे वर्ष ११.२ दिवसांचे आहे. आपला बुधसुद्धा सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटर दूर असतो.

ज्वालेतले क्ष-किरण व अतिनील किरण अशा ग्रहाच्या वातावरणाचा वरचा थर तापवतात, पाण्याच्या वाफेचे रेणू फोडतात आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो. या किरणांपेक्षा ज्वालेसोबत फेकले जाणारे प्रोटॉन (धनभारित कण) अधिक घातक ठरू शकतात. सिंह राशीतील एडी लिओनिस या ताऱ्याच्या १९८५ मधील महाज्वालेवर आधारलेल्या २०१० च्या गणितात, पृथ्वीसारख्या ग्रहावरील ओझोनला केवळ किरणांमुळे फारशी झळ लागली नाही; प्रोटॉन धरल्यावर मात्र दोन वर्षांत ९४ टक्के ओझोन नष्ट झाला. ग्रहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र या कणांना काही अंशी अडवू शकते. शिवाय, २०२१ मध्ये वेगाने फिरणाऱ्या काही खुज्या ताऱ्यांवरील मोठ्या ज्वाला ध्रुवांकडील, ५५ अंशांपलीकडच्या अक्षांशांवर आढळल्या. विषुववृत्ताच्या प्रतलात फिरणाऱ्या ग्रहांवर त्यांचा मारा तिरपा पडतो.