मे महिन्यात उघडणारी तड

लातूरकडं आमच्या मावशीचं घर आहे, त्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातनं वर तिरकी तड गेली होती. दर दिवाळीला मिस्त्री बोलवायचा, सिमेंट भरून घ्यायचं, वरनं रंग, आणि मे आला की तड परत तिथंच. मे मध्ये त्यात रुपयाचं नाणं बसायचं, श्रावणात नखसुद्धा जाईना. सगळे म्हणायचे पायाला वजन झेपत नाही, घर खचतंय. पण नुसत्या वजनानं खचलं असतं तर पावसाळ्यात तड मिटली कशी?

तर हा सगळा खेळ काळ्या मातीचा. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही माती झाली आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे थर इतके पातळ की एकेक साधारण 1 नॅनोमीटरचा, आणि पाणी थेट थरांच्या मधे शिरतं, मग माती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्याच्यामुळंच. घराखाली मधली माती झाकलेली म्हणून ओलसर राहते, कडेची मात्र वाळते, म्हणून कोपरे खाली जातात आणि भिंत तिरकी तडकते. तड वर रुंद आणि खाली बारीक असेल तर बहुतेक कोपराच खाली जातोय असं समजायचं.

मावशीकडं त्या कोपऱ्याला लागूनच कडुनिंब, तो उन्हाळ्यात खोलवरची ओल ओढतो, आणि मागच्या कोपऱ्यात न्हाणीचं पाणी बारा महिने मुरतंय. म्हणजे एक कोपरा वाळलेला, एक फुगलेला! अशा वेळी घाईनं झाड तोडू नका बरं का, कारण इतकी वर्षं सुकलेली माती मग पाणी पिऊन फुगते आणि घर उलट वर उचललं जातं.

आधी तडेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करायच्या, अंतर आणि तारीख भिंतीवरच लिहायची, आणि निदान एक वर्ष मोजायचं. दरवर्षी उघडून मिटत असेल तर दोष ओलीचा, आधी पाण्याचा बंदोबस्त करायचा: न्हाणीचं पाणी पाइपनं लांब, पन्हाळीचं पाणी पायापासून दूर, भिंतीलगत बाहेर उताराचा फरशीबंद पट्टा.

तड नुसती वाढतच चालली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून पायाखालनं आधार द्यावा लागतो. सगळा पाया एकदम उघडा पाडला तर भिंत येईल अंगावर, म्हणून मीटर-सव्वा मीटरचे तुकडे पाडायचे, एक सोडून एक खड्डा, घट्ट थरापर्यंत खाली जाऊन काँक्रीट भरायचं, ते सेट झालं की मगच शेजारचा.

नवीन बांधणाऱ्यांसाठी रुरकीच्या सीबीआरआयनं (इमारत बांधकामावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था) विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल आहेत, म्हणजे तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेला खांब. फुगवटा साधारण खांबाच्या अडीचपट रुंद, आणि खोल काळ्या मातीत खांब किमान साडेतीन मीटर खाली नेतात, कारण तिथं ऋतूप्रमाणं ओल फारशी बदलत नाही. फुगवटा मातीत अडकून राहतो, त्यामुळं वरची माती फुगली तरी खांब उपटत नाही. मला तर ही युक्ती फार आवडते.

मावशीनं पाणी वळवलं, पट्टा केला, निंब ठेवला, फक्त दरवर्षी फांद्या छाटते. यंदाच्या मे मध्ये मी स्वतः बघितलं, नाणं बसलं नाही, नख मात्र अजून जातं.