टीव्हीवर लाल अक्षरं का फुटतात?

स्वस्तातला टीव्ही संगणकाला जोडला, सिनेमा झकास दिसला, पण एक्सेलची शीट उघडली आणि लाल रंगातले उणे आकडे पुसट, कडा कुरतडल्यासारखे दिसायला लागले. ही तक्रार घेऊन मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला कुणी गेलं की सोन्याचा मुलामा दिलेली ‘फोर-के’ केबल हातात पडण्याची शक्यता बरीच. तिने आकडे सुधारत नाहीत. संगणक टीव्हीला जोडणाऱ्या या एचडीएमआय केबलमधून जातात ते शून्य आणि एक. केबल कमी पडली तर पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके उडतात, चित्र मधूनच काळं होतं किंवा येतच नाही. नेमकी लाल अक्षरं निवडून तेवढीच बिघडवण्याइतकी अक्कल तांब्याच्या तारेला नसते. ते काम टीव्ही करतो, आणि मुद्दाम करतो.

याचं मूळ बरंच जुनं आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं ते कृष्णधवल. देशात रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ साली. तरी घरोघरचे जुने संच भंगारात गेले नाहीत. तोच कार्यक्रम त्यांच्यावर कृष्णधवल दिसत राहिला. कारण रंगीत चित्र लाल, हिरवं, निळं अशा तीन तुकड्यांत पाठवलं जात नव्हतं. एक चित्र निव्वळ उजेडाचं आणि त्याच्या जोडीला दोन ‘रंगफरक’: या उजेडाच्या तुलनेत निळा किती कमीजास्त आणि लाल किती कमीजास्त. जुना संच उजेड तेवढा घ्यायचा आणि फरक सोडून द्यायचा. त्या काळच्या रंगीत प्रक्षेपणाच्या ‘पॅल’ पद्धतीत उजेडाला सुमारे ५ मेगाहर्ट्‌झची जागा होती, रंगफरकांना जेमतेम १.३.

एवढी कंजुषी खपली कशी? डोळ्यामुळे. बारीक तपशील, कडा, रेषा हे सगळं आपण मुख्यतः उजेडाच्या फरकावरून ओळखतो. रंगाच्या बाबतीत आपली नजर ढोबळ आहे. दृष्टिपटलावरच्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींपैकी निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या फार तर १० टक्के, आणि नजरेच्या ऐन केंद्रस्थानी त्या जवळजवळ नसतातच. लहान मुलाने चित्राच्या रेघा नीट काढल्या आणि रंग रेघेबाहेर थोडा सांडला तरी चित्र कळतं, तसंच हे.

डिजिटल टीव्हीने हीच युक्ती पुढे चालवली. एचडी चित्रात प्रत्येक पिक्सेलचा, म्हणजे चित्राच्या एकेका ठिपक्याचा, उजेड असा काढतात: लालचे ०.२१२६, हिरव्याचे ०.७१५२ आणि निळ्याचे ०.०७२२ भाग. मग शेजारशेजारचे दोन आणि त्यांच्या खालचे दोन असे चार पिक्सेल एकत्र घेतात. उजेड चौघांचा स्वतंत्र, रंगफरकांची जोडी मात्र चौघांत मिळून एकच. चाळीत चार बिऱ्हाडांना दिवा ज्याचा त्याचा आणि नळ सामाईक, तशी ही व्यवस्था. चार पिक्सेलना १२ आकडे लागले असते तिथे ६ पुरतात, म्हणजे माहिती निम्मी. या पद्धतीला ४:२:० म्हणतात. सगळ्यांना आपापला रंग मिळाला तर ४:४:४. (चार पिक्सेल रुंदीच्या पट्ट्यात पहिल्या ओळीत रंगाच्या २ नोंदी, दुसऱ्या ओळीत नवी एकही नाही, म्हणून ४:२:०. हे नाव ठेवणाऱ्याने सामान्य माणसाचा फारसा विचार केलेला दिसत नाही.)

सिनेमा, क्रिकेट, मालिका यांत हे कळतही नाही. डिस्क असो वा ओटीटी, ते चित्र बहुधा आधीच ४:२:० असतं. पण संगणकाच्या पडद्यावरची अक्षराची रेघ एका पिक्सेलची असते. निळा आणि लाल असे एकाआड एक, एक-एक पिक्सेल रुंदीचे उभे पट्टे घ्या. पूर्ण पांढऱ्याचा उजेड २५५ धरला तर पूर्ण लालचा ५४, पूर्ण निळ्याचा १८. उजेड शाबूत राहतो, रंगफरकांची मात्र सरासरी होते. उलटं गणित करून रंग परत काढले की लालच्या जागी उजळ जांभळा (लाल, हिरवा, निळा या क्रमाने १४५, १८, १४५) आणि निळ्याच्या जागी गडद जांभळा (१०९, ०, १०९) मिळतो. लाल गेला, निळाही गेला. पांढऱ्यावरची काळी अक्षरं बचावतात, कारण काळ्या-पांढऱ्यात रंगफरक शून्यच असतो. अर्थात अक्षरं गुळगुळीत दाखवणारी विंडोजची ‘क्लिअरटाइप’ ही सोय अक्षरांच्या कडांना मुद्दाम रंगछटा देते. त्या छटांची सरासरी झाली की काळं अक्षरही किंचित जाड, मळकट दिसतं.

हीच तपासणीची रीत. विंडोजचं स्केल १०० टक्के करा, पेंटमध्ये निळ्या जमिनीवर एक पिक्सेलच्या लाल उभ्या रेघा एकाआड एक काढा आणि झूम न करता जवळून पाहा. सगळं जांभळं दिसलं तर रंग वाटून घेतले जात आहेत.

ते कुठे घडतंय, हे पुढचं कोडं. संगणक टीव्हीला जोडला की टीव्ही त्याला आपली कुवत कळवतो. फोर-के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचं) चित्र सेकंदाला ६० वेळा, पूर्ण रंगात पाठवायला पिक्सेलची घोडदौड ५९४ मेगाहर्ट्‌झने लागते. तीन वाहिन्या, प्रत्येकीत दर ठोक्याला १० बिट, म्हणजे सेकंदाला १७.८२ गिगाबिट. एचडीएमआयच्या २.० या आवृत्तीची मर्यादा १८, तेव्हा जेमतेम बसतं. आधीच्या १.४ ची मर्यादा १०.२, तिथे पूर्ण रंग हवे तर सेकंदाला ३० चित्रंच मिळतात आणि माउसचा बाण फरफटत येतो. पुष्कळ टीव्ही कारखान्यातून निघतात ते पोर्टला कमी वेगावर ठेवूनच, म्हणून संगणक निमूटपणे ४:२:० निवडतो. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ अशा नावाचा पर्याय त्या-त्या पोर्टसाठी चालू करावा लागतो. मग विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रंगाच्या नोंदीपुढे ‘आरजीबी’ (लाल-हिरवा-निळा, म्हणजे पूर्ण रंग) असं दिसायला हवं.

एवढं करूनही पट्टे जांभळेच राहिले तर दोष टीव्हीच्या आतल्या चित्रप्रक्रियेचा. फुल एचडी टीव्हीत तर वेगाची अडचणच नसते, तरी आतली चिप सवयीने रंग वाटून टाकते. इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआयचं नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करा. अनेक संचांत एवढ्यानेच ती चिप बाजूला होते. नाहीतर ‘गेम मोड’. त्याने माउसच्या बाणाचं रेंगाळणंही कमी होतं.

दुसरा जुना वारसा म्हणजे ओव्हरस्कॅन. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून त्या चौकटीआड ढकलत. नळी गेली, खोड राहिली. ५ टक्के छाटणी धरली तर १०८० पैकी १०२६ ओळी उरतात आणि त्याच ताणून पुन्हा १०८० केल्या जातात. देवनागरीला हे फार जाचतं: एका पिक्सेलची शिरोरेघ कुठे ठसठशीत, तर कुठे दोन ओळींत विभागून राखाडी. टास्कबारही अर्धा कापला जातो. ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘डॉट बाय डॉट’ किंवा ‘१:१’ यांपैकी जे असेल ते निवडा. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमधून चित्र आक्रसून घेऊ नका. त्याने टास्कबार दिसतो, पण अक्षरं दोनदा ताणली-आवळली जातात. शार्पनेस बहुतेक संचांत शून्यावर आणा, नाहीतर अक्षरांभोवती पांढरी किनार उमटते. काळा रंग राखाडी दिसला किंवा गडद छटा एकमेकांत बुडाल्या तर संगणक आणि टीव्ही यांच्यापैकी एक १६ ते २३५ मोजतोय आणि दुसरा ० ते २५५. दोन्हीकडे ‘फुल’ ठेवा.

पॅनेलवर, म्हणजे मूळ पडद्यावर, ठिपकेच कमी असतील तर मात्र इलाज नाही. ३२ इंची ‘एचडी रेडी’ म्हणजे १३६६ × ७६८, इंचाला ४९ ठिपके. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ते ९२ असतात. त्यात १३६६ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून संगणक कधी १३६०, कधी १२८० × ७२० पाठवतो आणि ताणाताणी होतेच. ४३ इंची फोर-केवर इंचाला १०२ ठिपके मिळतात, पण संच ९५ सेंटिमीटर रुंद. मुंबईतल्या घरातल्या जेमतेम ६० सेंटिमीटर खोल टेबलावर मान सतत फिरवावी लागेल. तो भिंतीवर लावून टेबल थोडं पुढे ओढलेलं बरं.

एवढा मोठा पडदा जवळ म्हणून ‘रेडिएशन’ची भीती घालणारे आणि त्यावर चिकटवायचे स्टिकर विकणारे भेटतीलच. २०२० साली गाईच्या शेणाची चिप मोबाइलचं रेडिएशन घटवते असा जाहीर दावा झाला, तेव्हा शेकडो वैज्ञानिकांनी प्रयोगाचा पुरावा मागितला होता. एलसीडी पडद्याच्या मागे एलईडी दिवे असतात, म्हणजे तुमच्यापर्यंत येतो तो उजेड. ते दिवे डोळ्यात खुपत असतील तर बॅकलाइट कमी करा. दुकानातला झगमगाटी ‘व्हिव्हिड’ मोड बहुधा तसाच राहून गेलेला असतो.

खरेदीआधी लॅपटॉप, एक केबल आणि ते लाल-निळे पट्टे दुकानात घेऊन जा. काही स्वस्त फोर-के पॅनेलांत लाल-हिरव्या-निळ्यासोबत पांढरा उपपिक्सेलही (पिक्सेलचा छोटा भाग) असतो. अशा पॅनेलवर बारीक रंगीत रेघ कुठल्याही सेटिंगने साफ होत नाही, आणि खोक्यावर हे सहसा छापलेलं नसतं.