बेरीज तीच, उत्तर वेगळं

भाराखाली तुळई किती वाकेल, हे गणित एका प्रोसेसरवर बिनचूक येतं. तेच चार प्रोसेसरवर चालवलं की तुळई भलतीच वाकते. ही चूक कुठून आली हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

1956 मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा विमानरचनेवरचा शोधनिबंध आला. रचनेचे छोटे तुकडे (एलिमेंट) करायचे, प्रत्येकाची स्टिफनेस मॅट्रिक्स, म्हणजे ताठरपणाच्या आकड्यांचा तक्ता, काढायची आणि सामाईक नोडपाशी, म्हणजे तुकडे जुळतात त्या बिंदूंपाशी, त्यांची बेरीज करत मोठी मॅट्रिक्स उभी करायची. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी 1960 मध्ये दिलं. या जोडणीला असेंब्ली म्हणतात. एकच मशीन होतं तोवर ती निव्वळ बेरीज होती.

1994 मध्ये एमपीआयचं, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामच्या प्रतींनी (प्रोसेसनी) एकमेकांना निरोप पाठवण्याच्या पद्धतीचं, पहिलं प्रमाण आलं. आता प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी आणि मॅट्रिक्सच्या ओळीही वाटून घेतलेल्या. दोन प्रोसेसच्या वाट्यांच्या हद्दीवरच्या एलिमेंटची बेरीज मात्र शेजाऱ्याच्या ओळीत पडते. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेच्या पेट्सी या तयार गणिती कोडच्या लायब्ररीने त्यावर तोडगा काढला: परक्या ओळींचे आकडे बाजूला साठवायचे आणि असेंब्लीच्या ‘बिगिन’ व ‘एंड’ या दोन हाकांमध्ये (फंक्शन कॉलमध्ये) ज्याचे त्याला पोचवायचे. दोन्ही हाका सगळ्यांनी मारायच्या. एखाद्या प्रोसेसने त्या टाळल्या की बाकीचे ताटकळत बसतात आणि पडद्यावर एरर म्हणून काहीच येत नाही.

याहून छळवादी चूक म्हणजे हद्दीवरचं एलिमेंट दोन्ही प्रोसेसनी मोजणं. प्रोग्राम सुखाने संपतो, हद्दीवरची स्टिफनेस तेवढी दुप्पट होते. बेरजेऐवजी आकडा थेट ‘लिहिला’ तर आधीचा पुसला जातो. शेवटच्या एकदोन अंकांतला फरक मात्र चूक समजू नये. फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे ठराविक अंकांपुरत्याच साठवलेल्या आकड्यांत, बेरजेचा क्रम बदलला की एवढं हलतंच, आणि नवखे याच्याच मागे दिवस घालवतात.

मॅट्रिक्ससाठी मेमरीत जागा आधी राखून ठेवण्याची कटकट पेट्सीमध्ये 2023 पासून बरीच कमी झाली, पण दुप्पट मोजणी तिथे कोणी पकडून देत नाही. सीमाअटी (रचना कुठे पक्की धरली आहे ते) लावण्याआधी सगळ्या नोडना सारखंच सरकवून बल शून्य येतं का, हे अनेकजण पाहतात. या चुकीपुढे ती चाचणी आंधळी आहे, कारण शून्याची दुप्पटही शून्यच. त्याऐवजी घनता 1 धरून, प्रत्येक नोडला एकच अज्ञात राशी असलेली मास (वस्तुमान) मॅट्रिक्स त्याच कोडने जोडावी आणि तिच्या सगळ्या आकड्यांची बेरीज करावी. ती वस्तूच्या घनफळाइतकी यायला हवी. जास्त आली तर हद्दीवरचं कुठलंतरी एलिमेंट दोनदा मोजलं गेलंय.