उंदराला साखर नकोशी होते तेव्हा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बसणाऱ्या माझ्या चुलतभावाने परवा एक मजकूर पाठवला: 'हळदीने नैराश्य जाते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले.' खाली त्याचा प्रश्न होता, "काकूंच्या गोळ्या बंद करून हळदीचं दूध सुरू करू या का?"

बातमीमागचे प्रयोग खरे आहेत, पण ते उंदरांवरचे. हळदीतला कुरकुमिन हा घटक दिलेले उंदीर पाण्यात जास्त वेळ धडपडत राहिले. ही संशोधक पोर्सोल्ट यांची 1977 सालची चाचणी. पाण्याने भरलेल्या उंच भांड्यात उंदराला सहा मिनिटे सोडायचे आणि तो हातपाय न हलवता किती वेळ तरंगतो ते मोजायचे. मला ही चाचणी अपुरी वाटते. तरंगणे म्हणजे हताश होणेच कशावरून? ताकद राखून ठेवण्याचे ते शहाणपणही असू शकते. शिवाय इथे नैराश्यावरच्या औषधाचा एका दिवसात गुण दिसतो. माणसाला त्याच औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात.

त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ पॉल विलनर यांनी 1980च्या दशकात रुळवलेली, उंदराला रोज छोटा ताण देण्याची पद्धत मला फार आवडते. आज पिंजरा तिरका, उद्या भुसा ओला, परवा रात्रभर दिवा, कधी अनोळखी सोबती. यातला एकही त्रास मोठा नाही, पण पुढचा कोणता हे कळत नसल्याने उंदराला सवयच होत नाही. मग दोन बाटल्या टांगतात, एकीत साधे पाणी, दुसरीत एक टक्का साखरेचे. उंदराला एका बाजूची सवय लागू नये म्हणून बाटल्यांच्या जागा बदलतात, आणि किती प्यायले ते कळायला आधी-नंतर बाटल्यांचे वजन करतात. निरोगी उंदीर साखरपाण्यावर तुटून पडतो. काही आठवडे ताण सोसलेल्याला मात्र दोन्ही बाटल्या जवळपास सारख्याच. आनंद देणाऱ्या गोष्टीतली गोडीच जाणे हे माणसातल्या नैराश्याचेही मुख्य लक्षण आहे.

आत काय घडते? मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीला निरोप जातो. ती कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक सोडते, माणसात कॉर्टिसॉल. हेच संप्रेरक मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ग्राहींना, म्हणजे निरोप झेलणाऱ्या रेणूंना, चिकटून 'आता पुरे' असा उलटा निरोप देते. ताण रोजचा झाला की हा ब्रेक ढिला पडतो. अशा उंदरांना रोज इमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध दिले, तर तीन-चार आठवड्यांत ते हळूहळू पुन्हा साखरपाण्याकडे वळतात. माणसाला लागतो जवळपास तेवढाच वेळ!

ज्या आजाराची खूण पिंजऱ्यातल्या उंदरातही दिसते, त्याला करणी म्हणून भगताकडे नेणारी माणसे आजही आहेत, याचे मला वाईट वाटते. पण 'पी हळद, हो गोरी' हीसुद्धा तशीच घाई. हळदीत कुरकुमिन जेमतेम तीनेक टक्के, आणि त्यातलेही आतड्यातून रक्तात फार थोडे पोचते. प्रयोगातल्या उंदरांना हळदीचे दूध नव्हे, वेगळे काढलेले कुरकुमिन दिले होते.

भावाला मी एवढेच लिहिले, "दूध दे. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही चुकवू नको."