रूट बिअरची परीक्षा फेसात

अमेरिकेत नव्याने गेलेली आपली मंडळी रूट बिअरचा, म्हणजे तिथल्या गोड, फेसाळ, बिनदारूच्या पेयाचा, पहिला घोट घेतात आणि तोंड वाकडं करून म्हणतात, "हे तर पाठदुखीचं मलम!" नाक बरोबर सांगतं. मलमातल्या गंधपुरा तेलात जे मिथाइल सॅलिसिलेट असतं, तेच रूट बिअरमध्येही असतं, फक्त अगदी किंचित. अमेरिकन मूल हा वास गोडाबरोबर शिकतं, आपण मुरगळलेल्या पायाबरोबर. तेव्हा आवडनिवड बाजूला ठेवू. चांगली रूट बिअर मी ओळखतो ती फेसावरून.

आधी थोडा इतिहास. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६च्या, अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दी प्रदर्शनाच्या सुमारास हे पेय बाजारात रुजवलं. नावातल्या बिअरमुळे दारूबंदीवाल्या महिलांच्या संघटनेने १८९५मध्ये बहिष्कार घातला. अल्कोहोल नगण्य असल्याचं कळल्यावर १८९८मध्ये तो उठला. मूळ स्वाद होता सासाफ्रास झाडाच्या मुळाच्या सालीचा. त्या सालीतल्या सॅफ्रोलमुळे उंदरांच्या यकृतात गाठी होतात असं दिसलं आणि १९६०मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत सॅफ्रोल घालायला बंदी केली. आज सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क किंवा कृत्रिम स्वाद वापरतात. 'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाहीच' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे झाड जरूर आठवावं. आणि लगेच श्रीखंडातलं जायफळही फेकू नये. सॅफ्रोल त्यातही असतं, पण चिमूटभर जायफळातून पोटात जाणारी मात्रा फार लहान.

आता फेस. बाटली उघडली की दाब उतरतो, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो. कोलातही हेच घडतं, पण तिचा फेस बघता बघता बसतो. एक कारण म्हणजे बुडबुड्यांमधल्या पातळ पडद्यातलं पाणी खाली निथळतं. दुसरं जास्त मजेदार आहे. बुडबुड्याच्या आतला जादा दाब पृष्ठताणाच्या (द्रवाचा पृष्ठभाग आकसू पाहतो त्या ओढीच्या) दुप्पट भागिले त्रिज्या इतका असतो; म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की जादा दाब दुप्पट. त्यामुळे वायू लहान बुडबुड्यातून पडद्यापार शेजारच्या मोठ्यात जातो. लहान आणखी लहान होऊन नाहीसा होतो, मोठा फुगतो आणि फुटतो. त्यात कार्बन डायऑक्साइड पाण्यात नायट्रोजनच्या सुमारे ५० पट विरघळतो, म्हणून ही गळती फार वेगाने होते.

ती रोखायला रूट बिअरमध्ये युक्का या वाळवंटी झुडपाचा किंवा चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीचा अर्क घालतात. दोन्हींत सॅपोनिन असतं. आपल्या रिठ्या-शिकेकाईचा फेसही सॅपोनिनचाच. त्याच्या रेणूची एक बाजू पाण्याला धरते, दुसरी पाण्यापासून पळते, म्हणून तो बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. एवढं तर साबणही करतो. पण सॅपोनिनचे रेणू शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जखडले जातात आणि पृष्ठभागावर लवचीक कातडं तयार होतं. बुडबुडा आकसू लागला की हे रेणू सहजी पाण्यात परतत नाहीत, दाटीवाटीने तिथेच राहतात, आणि पृष्ठताण घसरतो. या थराची लवचीकता, म्हणजे पृष्ठभाग आकसला की पृष्ठताण किती घसरतो त्याचं माप, पृष्ठताणाच्या निम्म्याहून जास्त असेल, तर त्रिज्या घटूनही आतला दाब वाढत नाही आणि आकसणं थांबतं. अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्जच्या नावाने ओळखली जाणारी ही अट माझ्या फार आवडीची आहे. तिच्यामुळेच फेस बारीक राहतो, आणि बारीक फेस जिभेला सायीसारखा लागतो.

अर्क ओतत राहिलं की मात्र कडवटपणा येतो. सॅपोनिन मुळात कडूच. स्वादातही तोल हवा: गंधपुऱ्यावर व्हॅनिलाने मात केली पाहिजे आणि गोडवा घशाशी चिकटता कामा नये.

तुलना करायची तर दोन्ही बाटल्या सारख्याच गार हव्यात. साध्या हवेच्या दाबाला १ लिटर पाण्यात ०° सेल्सिअसला सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो, २५°ला जेमतेम पाऊण लिटर. कोमट बाटली त्यामुळे भसकन उतू जाते आणि लगेच मरगळते. वर आइस्क्रीमचा गोळा सोडून कुणी फेस दाखवू लागलं, तर ते गुण रूट बिअरला देऊ नयेत. दुधातली प्रथिनं स्वतःच फेस धरतात, त्यामुळे सुमार बाटलीसुद्धा तिथे खपून जाते.