पार्श्वभूमी : बालकर्करोगाच्या संशोधनासाठी मुंडन

नागपुरात मोठ्या माणसाने डोक्याचा चकोट केला, की पानठेल्यावर पहिला प्रश्न येतो, "घरी कोण गेलं?" अशा शहरात मुलांच्या कॅन्सर संशोधनासाठी कुणी वस्तऱ्याखाली बसतो, तेव्हा त्यामागचा इतिहास ठाऊक असलेला बरा.

ही पद्धत अगदी अलीकडची. १७ मार्च २००० रोजी न्यू यॉर्कमध्ये पुनर्विमा (विमा कंपन्यांचाच विमा) व्यवसायातल्या काही मित्रांनी ठरवलं, की सतरा जणांनी डोकी भादरून घ्यायची आणि सतरा हजार डॉलर जमवायचे. बसले एकोणीस, जमले लाखावर. ओळखीच्यांकडून आधी रक्कम कबूल करून घ्यायची, मग सगळ्यांदेखत केस उतरवायचे, एवढीच रीत. केस यासाठी, की केमोथेरपी झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते आणि त्यात केसांची मुळंही सापडतात. दोन-तीन आठवड्यांत उशीच्या अभ्र्यावर पुंजके दिसू लागतात, पोर टोपी काढेनासं होतं.

बालकर्करोग मोठ्यांच्या कर्करोगाच्या मानाने कमी, म्हणून औषध कंपन्यांना त्यात फारसा बाजार दिसत नाही. लोकवर्गणी लागते ती इथे. १९४८ मध्ये बोस्टनला औषधाने मुलांचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, पहिल्यांदा काही काळ हटला, पुढे आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन हे त्यावरचं औषध मिळालं. आज श्रीमंत देशांत ऐंशी टक्क्यांवर मुलं बरी होतात.

आपल्याकडे वाद पेटतो तो बायकांच्या मुंडनावरून. महाराष्ट्रात कित्येक घरांत विधवेचं केशवपन सक्तीचं होतं. १८९० च्या सुमारास मुंबईतल्या न्हाव्यांनी सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने या कामाला नकार दिला, तरी लाल आलवणातल्या, म्हणजे विधवेच्या लुगड्यातल्या, केशवपन केलेल्या बायका विसाव्या शतकातही होत्या. नात "मीही बसते" म्हणाली की आजीच्या पोटात गोळा येतो, कारण आपल्या आजीचं बोडकं डोकं तिने लहानपणी पाहिलेलं असतं. या भीतीचा मान राखलाच पाहिजे. पण म्हणून आयोजकांनी मुलींना बाजूला ठेवावं किंवा त्यांच्यापुढे फक्त केसदान ठेवावं, हे पटत नाही. दान केलेल्या वेणीचा विग होतो, संशोधनाला पैसा मिळत नाही. शिवाय न्हाव्यांनी तेव्हा नाकारली ती सक्ती. आज मुलीला परस्पर वगळलं, तर तिच्या केसांचा निर्णय पुन्हा दुसऱ्यानेच घेतला.

नागपूरपुरता आणखी एक मुद्दा आहे. इथे विदर्भाबरोबर बालाघाट, छिंदवाड्याहूनही मुलं उपचाराला येतात. मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियाचा उपचार दोन-तीन वर्षं चालतो. गाडीभाडं, मुक्काम, बुडालेली मजुरी यांत तो अर्ध्यावर सुटतो आणि आजार उलटतो. उपचार का सुटतात, कुठल्या टप्प्यावर सुटतात, हाही संशोधनाचाच विषय आहे आणि त्याला पैसा इथूनच उभा राहायला हवा. जमलेल्या निधीतला किती हिस्सा अशा कामाला जाणार, हे वस्तरा लागण्याआधी देणगीदारांना सांगितलं पाहिजे.