‘ए१’ म्हणजे डायोड की मॉस्फेट?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक पार्टच्या काउंटरवर मी विचारलं, “ए१ आहे का?” (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोडला उतरून त्या नावाने पत्ता विचारून बघा.) काउंटरमागच्या माणसाने मान वर न करता उलट विचारलं, “कुठला? डायोड की मॉस्फेट?”

“ट्रान्झिस्टर आहे हो, तीन पायांचा.”

तेव्हा कुठे त्याने वर बघितलं. “तीन पाय स्टुलालापण असतात. बोर्ड आणलाय?”

बंद पडलेल्या स्पीकरचा तो बोर्ड परळला घरी, टेबलावर उघडा पडला होता. परत जावं लागलं.

ज्या पार्टवर ‘ए१’ छापलेलं होतं ती एसओटी-२३ नावाची काळी डबी जेमतेम २.९ मिमी लांब आणि १.३ मिमी रुंद. एवढ्याशा पाठीवर पूर्ण नाव मावत नाही, म्हणून कंपन्या दोन-तीन अक्षरं छापून मोकळ्या होतात. ही अक्षरं सगळ्यांनी मिळून ठरवलेली नसतात, प्रत्येक कंपनीची यादी वेगळी. त्यामुळे बीएडब्ल्यू५६ या जोड-डायोडवर (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणारा पार्ट) ‘ए१’ असतं आणि विशे कंपनीच्या एसआय२३०१डीएस या पी-चॅनल मॉस्फेटचा (म्हणजे गेट नावाच्या पायावरचं व्होल्टेज खाली ओढलं की चालू होणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) कोडही ‘ए१’च. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच २३०१वर ‘ए१एसएचबी’ असं लांबलचक छापलेलं असतं, तेव्हा प्रश्नच मिटतो. नुसतं ‘ए१’ दिसलं की घोळ.

आतून दोघांचा काही संबंध नाही. बीएडब्ल्यू५६मध्ये दोन छोटे डायोड असतात, दोघांचे अॅनोड, म्हणजे करंट आत शिरायची टोकं, तिसऱ्या पायावर एकत्र. करंट २०० मिलिअँपिअरच्या घरात, काम सिग्नलचं. २३०१ हा २० व्होल्टचा स्विच. दोन-सव्वादोन अँपिअर तो आरामात सोडतो, म्हणून बॅटरी आणि चार्जिंगच्या आसपास सापडतो. त्याच्या जागी बीएडब्ल्यू५६ बसवला तर धूर वगैरे निघत नाही. लोड चालूबंद करायच्या जागी डायोडची तोंडं उलटी पडतात, पुढे काही जातच नाही आणि आपण तासभर दुसरीकडेच बिघाड शोधत बसतो.

सुटा, चांगला पार्ट हातात असेल तर मल्टिमीटरची कळ डायोडच्या खुणेवर ठेवा. दोन पाय आपल्याकडे येतील असा धरला की डावा पाय १, उजवा २, समोरचा एकटा ३. लाल काडी ३वर ठेवून काळी आधी १ला लावा, मग २ला. दोन्हीकडे ०.६च्या आसपास आकडा आला तर बीएडब्ल्यू५६. २वर आकडा आला पण १वर मीटर ढिम्म, तर मॉस्फेट. तो १ नंबरचा पाय म्हणजे गेट, तिथून करंट जातच नाही. २ आणि ३मध्ये दिसतो तो मॉस्फेटच्या पोटातला डायोड.

इथे एक गंमत आहे. गेटला काळी काडी लावलीत की तिथे चार्ज साठतो आणि मॉस्फेट चालू होऊन बसतो. मग २-३मध्ये दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आकडा येतो आणि वाटतं, शॉर्ट आहे. चिमट्याने तिन्ही पाय क्षणभर एकत्र टेकवा आणि पुन्हा बघा. अशा गैरसमजात मी एक धडधाकट पार्ट केराच्या डब्यात टाकलेला आहे.

माझा ‘ए१’ मात्र खरोखर गेलेला होता. तिन्ही पायांत बीप. मेलेल्याला विचारून काय उपयोग? मग भिंगाखाली बोर्ड धरला. २ नंबरला बॅटरीकडून आलेली जाड पट्टी, ३ वरून स्पीकरच्या अॅम्प्लिफायरकडे तेवढीच जाड. १ला केसासारखी बारीक रेघ, ती कंट्रोलरकडे गेलेली. आणि १-२च्या मध्ये ‘१०४’ छापलेला, म्हणजे १०० किलोओहमचा रेझिस्टर, कंट्रोलर गप्प असताना गेट सप्लायला ओढून स्विच बंद ठेवणारा. डायोडला हा थाट कशाला लागेल? दुसऱ्या दिवशी जाऊन २३०१ची दहाची पट्टी आणली, डाग दिले, स्पीकर बोलायला लागला.

सगळ्याच जुळ्यांत एवढा फरक नसतो. नेक्सपेरिया कंपनीचा बीसी८४६ए आणि पीएमबीटी३९०४, दोघांचा कोड ‘१ए’. दोन्ही एनपीएन जातीचे ट्रान्झिस्टर, पायही सारखेच. पहिला जास्तीत जास्त ६५ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर सोसतो. दुसरा ४० व्होल्ट, २००. फरक कळतो तो कारखान्याच्या अक्षरावरून. चीनमध्ये बनलेल्या मालावर ‘डब्ल्यू’ असतो, तो बीसी८४६एला कोडनंतर लागतो (‘१एडब्ल्यू’) आणि ३९०४ला कोडच्या आधी (‘डब्ल्यू१ए’). पाच व्होल्टच्या बोर्डावर, करंट थोडाच असेल तर, मी हाताला लागेल तो लावतो. ५० व्होल्टची लाइन दिसली की भिंग काढतो.